क्वारंटाइनमधल्या क्लाऊन माशाच्या अंगावरून पांढरी साल निघतेय, कॉपर वाढवू की थांबवू?

रात्रपाळी (कळवा), बुधवार, रात्री ८.४०

मदत लवकर हवी आहे, म्हणून सगळं एकदमच लिहिते.

रविवारी दोन ऑसेलारिस क्लाऊन आणले. मोठी साधारण दोन इंच, लहान सव्वा इंच. दुकानदाराला पकडलेले की पैदाशीचे ते सांगता आलं नाही. मुख्य टँक तीन फुटी आहे. त्यात एक डॅमसेल आणि एक गोबी दोन वर्षं ठणठणीत आहेत, म्हणून नवे मासे थेट आत सोडायचे नाहीत हे पक्कं होतं. क्वारंटाइन टँक १८ × १२ × १२ इंचांचा, पाणी ३५ लिटर. तळ मोकळा, लपायला पीव्हीसीचे दोन एल्बो, मुख्य टँकच्या सम्पमध्ये (खालच्या गाळणीच्या टाकीत) महिनाभर ठेवलेला स्पंज फिल्टर, ५० वॅटचा हीटर. तापमान २७, रिफ्रॅक्टोमीटरवर खारटपणा १.०२५. अमोनिया आत्ता ०.२५ दिसतोय.

मी नर्स आहे. मोजून लिहून ठेवायची सवय असल्यामुळे दोघांचे कल्ले मिनिटाला किती वेळा हलतात ते पहिल्या दिवसापासून लिहिलंय:

सोमवार सकाळ – मोठी ८६, लहान ९४. मोठीने मायसिस (खाद्याची बारीक कोळंबी) खाल्ली, लहानाने तोंडात घेऊन टाकली.
मंगळवार सकाळ – मोठी ९८, लहान ११८. लहानाच्या डोक्यामागे राखाडी डाग. मला व्हाइट स्पॉट (परजीवीमुळे अंगावर पांढरे ठिपके येणारा रोग) वाटला. त्यावरचं तांब्याचं औषध, चिलेटेड कॉपर, अर्ध्या मात्रेत सुरू केलं, रात्री मोजलं तर १.१ पीपीएम.
आज संध्याकाळी ड्युटीवरून आले – मोठी १३०, लहान १६० च्या पुढे, नीट मोजताही येईना. लहान एअरस्टोनच्या बुडबुड्यांना चिकटून उभा आहे. डागाचे आता दाणे नाहीत, पातळ साल सुटून लोंबते आहे. ऊन लागून खांद्याची कातडी सोलली जाते ना, अगदी तशी. नारिंगी रंग फिका पडलाय. मोठीच्या पाठीवरही तसाच धूसर पट्टा येतोय.

कॉपर २ च्या वर न्यायचं ठरलं होतं. हात धजत नाहीये. नेऊ का?

टँकवाला_सातारा, रात्री ९.०५

ताई, हा व्हाइट स्पॉटच आहे, फक्त पुढच्या टप्प्यात गेलाय. १.१ मध्ये काहीच होत नाही, उलट अर्धवट मात्रेत परजीवी टिकून राहतो. आज रात्रीच २.२५ ला न्या आणि तापमान ३० करा म्हणजे त्याचं चक्र लवकर फिरेल. घाबरून थांबलात तर मासे जातील.

खाडीकिनारी (मालवण), रात्री ९.२२

ताई, कॉपर वाढवू नका. तापमानही वाढवू नका, गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि तुमच्या माशांना आत्ता नेमका तोच कमी पडतोय.

तुम्ही जे लिहिलंय ते व्हाइट स्पॉटचं वर्णन नाही. साल लोंबणं, रंग उतरणं, डोक्याकडून सुरू होऊन मागे पसरणं, दोन दिवसांत श्वास दीडपटीच्या वर जाणं, आणि मासा क्लाऊन. हे ब्रुकलिनेला आहे. 'क्लाऊनफिश डिसीज' म्हणतात तो हाच, जरी इतर माशांनाही होत असला तरी. हा सिलिएट जातीचा एकपेशी जीव कातडीवर आणि कल्ल्यांवर चरतो. मासा स्वतःला वाचवायला बुळबुळीत थर सोडत राहतो आणि तोच थर कल्ल्यांत साचून तो गुदमरतो.

यावर कॉपर चालत नाही. मात्रा कमी पडते म्हणून नव्हे, कितीही नेलं तरी चालत नाही. खारटपणा कमी करण्याच्या उपायाचीही तीच गत. शिवाय याचं चक्र व्हाइट स्पॉटसारखं आठवडाभराचं नसतं. तो माशाच्या अंगावरच एकाचे दोन, दोनाचे चार होतो, मधे तळाला जाऊन कोष करून बसत नाही. म्हणूनच सोमवारी जेवणारा मासा बुधवारी या अवस्थेत दिसतो. तुमच्याकडे दिवस नाहीत, तास आहेत.

औषध फॉर्मेलिन. तेही टँकमध्ये ओतायचं नाही, वेगळ्या बादलीत मोजून अंघोळ. घरात आहे का? नसेल तर उद्या सकाळी कुठून मिळेल ते आत्ताच ठरवा आणि मला सांगा घरात आरओ आहे का, एअर पंप किती आहेत, जास्तीची बादली किंवा मोठा डबा आहे का. अमोनिया बांधणारं कुठलंही औषध या पाण्यात टाकलं असेल तर तेही सांगा.

रात्रपाळी, रात्री ९.४०

आरओ आहे. एअर पंप दोन. २० लिटरच्या दोन नव्या बादल्या आणि कपडे ठेवायचा ४५ लिटरचा प्लास्टिकचा डबा, तो रिकामा करते. अमोनियाचं औषध टाकलेलं नाही, आज टाकणार होते.

फॉर्मेलिन घरी नाही. आमच्याकडे बायोप्सीचे नमुने ज्यात पाठवतात ते १० टक्के फॉर्मेलिन रोज हाताखालून जातं. ते चालेल का, म्हणजे तसलं बाहेरून विकत आणलं तर?

खाडीकिनारी, रात्री ९.५८

नाही चालणार, आणि बरं झालं विचारलंत. नमुन्यांसाठीचं १० टक्के फॉर्मेलिन म्हणजे मूळ द्रावण दहापट पातळ करून त्यात फॉस्फेटचे क्षार घातलेलं असतं. माशांच्या मात्रा मूळ ३७ टक्क्यांच्या द्रावणावर सांगितलेल्या असतात. एकाची मात्रा दुसऱ्याला लावली की एकतर काहीच होत नाही किंवा मासा मरतो. उद्या केमिकल विकणाऱ्याकडून '३७ टक्के फॉर्मेलिन' असं लेबल असलेली लहान बाटली आणा. उजेडात धरून बघा. तळाशी पांढरा साका बसलेला असेल तर परत करा, तो पॅराफॉर्माल्डिहाइड असतो आणि माशांना फार विषारी. घरी आणल्यावर फ्रीजमध्ये ठेवू नका, थंडीनेच तो साका बनतो.

अमोनियाचं औषध टाकलं नाहीत हे फार चांगलं झालं. त्यांतली काही औषधं कॉपरला जास्त विषारी रूपात नेतात. कॉपर पाण्यात असेपर्यंत त्या बाटलीला हात लावायचा नाही.

आता आज रात्रीचं. गोड्या पाण्याची बुडी द्या. बरं करायला नाही, सकाळपर्यंत श्वास चालू राहावा म्हणून. एका बादलीत ५-६ लिटर आरओचं पाणी घ्या. खायचा सोडा चिमूटचिमूट विरघळवत पीएच टँकच्या बरोबरीला आणा, ८.१ च्या आसपास. तापमानही २७ च. एअरस्टोन सोडून किमान वीस मिनिटं फुगे काढा, आरओच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. मग एकेक मासा, प्रत्येकी ४ मिनिटं, जास्तीत जास्त ५. पहिलं अर्धं मिनिट मासा सैरभैर होतो, तेवढं चालतं. आडवा पडून कल्ले थांबले तर ताबडतोब बाहेर.

आणि बाहेर म्हणजे जुन्या क्वारंटाइनमध्ये नव्हे! त्या ३५ लिटरमध्ये आता परजीवी भरलेत. मुख्य टँकमधून २५-३० लिटर पाणी त्या कपड्यांच्या डब्यात काढा, तिथले मासे दोन वर्षं निरोगी आहेत म्हणून ते आत्ता सगळ्यात भरवशाचं पाणी. मुख्य टँकला नंतर नवं मीठपाणी द्या. जुन्या टँकचा स्पंज, एल्बो, जाळी, काहीही नव्या डब्यात नेऊ नका. स्पंज नसल्यामुळे अमोनिया चढेल, तो रोज पाणी बदलून खाली ठेवायचा. हीटर न्यावाच लागणार. तो बंद करून गार होऊ द्या, गोड्या पाण्यात धुवा, पूर्ण कोरडा पुसा, मगच लावा.

तिसरी_घंटा (न्यू जर्सी), रात्री १०.१५

खाडीकिनारी यांच्या 'जुन्या पाण्यात परत नको' या वाक्याखाली रेघ मारा. माझी क्लाऊनची जोडी सहा वर्षांपूर्वी याच रोगाने गेली. फॉर्मेलिनची अंघोळ अगदी बरोबर दिली होती आणि पाऊण तासाने मासे त्याच टँकमध्ये सोडले. दुसऱ्या दिवशी परत साल.

या जीवाचं शास्त्रीय वर्णन १९७० मध्ये लोम आणि निग्रेली यांनी केलं. निग्रेली न्यूयॉर्क अ‍ॅक्वेरियमशी जोडलेले होते आणि ते अ‍ॅक्वेरियम इथे ब्रुकलिनमध्येच, कोनी आयलंडला आहे. मुलीला तिथे घेऊन जाते तेव्हा काचेपुढे ती जोडी आठवते. ताई, तुमची तरी वाचू देत.

रात्रपाळी, रात्री ११.५५

दोन्ही बुड्या झाल्या. मोठीला साडेचार मिनिटं. पाण्यात पांढरे तंतू तरंगताना दिसले, बादली काळी असल्यामुळे स्पष्ट दिसले. डब्यात सोडल्यावर अर्ध्या तासाने श्वास १०४. एकशेतीसवरून!

लहान तीन मिनिटांत कलायला लागला, लगेच काढला. तो तळाशी आहे. १४० च्या आसपास, पण उथळ, कल्ल्यांची झाकणं पूर्ण उघडत नाहीत. वॉर्डात असा श्वास दिसला की मी डॉक्टरांना हाक मारते. इथे मीच आहे.

मोबाइलवर दर तासाचा गजर लावलाय. खाडीकिनारी सर, इतक्या रात्री बसून एवढं लिहिलंत, आभार कसे मानू कळत नाही.

रात्रपाळी, गुरुवार, दुपारी १.३०

लहान पहाटे साडेपाचला गेला. पाचच्या गजराला होता.

सकाळी आमच्याच इमारतीत तळमजल्यावर पॅथॉलॉजी लॅब आहे तिथे गेले. तिथल्या तंत्रज्ञ ताई ओळखीच्या. मोठीला ओल्या हातात दहा सेकंद धरून कव्हरस्लिपच्या कडेने डोक्याकडून शेपटीकडे अलगद बुळबुळ ओढली, स्लाइडवर टँकच्याच पाण्याचा थेंब, आणि जिन्याने पळत खाली. ताईंनी शंभरपटीत लावलं. घेवड्याच्या दाण्यासारखे चपटे जीव, एका बाजूने किंचित आत वळलेले, सरपटल्यासारखे हळूहळू सरकत होते. एका नजरेत सात-आठ. ताई म्हणाल्या, रक्ताच्या स्लाइड बघून वर्षं गेली पण हे पहिल्यांदाच बघतेय.

तर ब्रुकलिनेलाच. फॉर्मेलिन अकराला मिळालं. सर, मात्रा मी अशी धरली आहे, चूक असेल तर सांगा: १० लिटर मीठपाणी, १.५ मिली फॉर्मेलिन, ४५ मिनिटं. तुमचं उत्तर आल्याशिवाय सुरू करत नाही.

खाडीकिनारी, दुपारी १.४१

लहानाचं वाचून वाईट वाटलं. कल्ले तेवढे खराब झाल्यावर बुडीने फरक पडत नाही, यात तुमच्याकडून काही राहिलं असं मनात आणू नका.

मात्रा बरोबर. ती म्हणजे १५० पीपीएम. काही ठिकाणी २५० लिहिलेलं सापडेल, पण ते थंड पाण्यासाठी. पाणी २१ अंशांच्या वर असलं की १६७ च्या पुढे जायचं नाही आणि आपल्याकडे पाणी २७ ला असतं. सिरिंजने मोजा. आधी एक मग पाण्यात मिसळा, मग बादलीत सगळीकडे पसरवून ओता, मासा नंतर सोडा. दोन्ही एअर पंप याच बादलीला लावा, कारण फॉर्मेलिन स्वतःच पाण्यातला प्राणवायू खेचतं. समोरून उठू नका. तोंड वर काढून हवा घ्यायला लागली किंवा कलली तर ४५ मिनिटांची वाट न बघता बाहेर.

तुमच्यासाठीही: गॅलरीत, वाऱ्यात करा. हातमोजे आणि चष्मा. वाफ कर्करोगकारक आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. वापरलेलं पाणी भरपूर पाण्याबरोबर संडासात. आणि जुना टँक ब्लीचने धुणार असाल तर आज नको, फॉर्मेलिन आणि ब्लीच एकत्र येता कामा नयेत.

अंघोळीनंतर परत नवं पाणी, धुऊन सुकवलेला डबा. एक दिवस आड अशा एकूण तीन.

रात्रपाळी, दुपारी ३.२०

झाली, ४५ मिनिटं पूर्ण. विसाव्या मिनिटाला कोपऱ्यात जाऊन जोरात श्वास घेऊ लागली, तेव्हा काढणारच होते, पण उभी सरळ होती म्हणून थांबले. अंगावरची साल जवळजवळ सगळी गेली. खालची कातडी काही जागी लालसर आहे. आत्ता ९६.

टँकवाला_सातारा, संध्याकाळी ७.१०

ताई, काल मी ठामपणे चुकीचं सांगितलं. तुम्ही ऐकलं नाहीत हे देवाची कृपा. गेल्या पावसाळ्यात माझे दोन क्लाऊन असेच साल निघून गेले. मी कॉपर वाढवत गेलो आणि दुकानदाराने रोगट मासे दिले असं समजत राहिलो. आज सगळा धागा वाचताना ते दोघे आठवले.

सर, पुढच्या वेळी ओळखायचं कसं तेवढं सांगा. सूक्ष्मदर्शक सगळ्यांकडे नसतो.

खाडीकिनारी, रात्री ८.३०

ठामपणे सांगितलंत आणि आज येऊन दुरुस्तही केलंत, हा धागा पुढे वाचणाऱ्याला त्याचाच उपयोग होईल.

मी कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो, पण घरी टँकपुढे बसल्यावर आधी डोळ्यांनीच बघतो. पहिलं डागाचं टेक्श्चर. व्हाइट स्पॉट म्हणजे मिठाचा खडा: सुटा, उठावदार, मोजता येतो. आज परावर पाच, परवा शून्य, आठवड्याने तीस. ते मधले शून्य दिवस फसवे असतात. परजीवी तेव्हा तळाशी कोषात वाढत असतो आणि कोषाच्या आत कॉपर पोचत नाही. कोषातून बाहेर पडून मासा शोधणारी पिल्लं मरतात ती कॉपरने, म्हणूनच ते आठवडेच्या आठवडे टिकवावं लागतं.

वेलवेट हा आणखी एक परजीवी रोग, त्याचे डाग त्याहून बारीक. दाणा नाही, पिठी. खोलीतला दिवा बंद करून टॉर्च तिरका मारला की सोनेरी धुळीसारखी चमकते. पण बहुतेकदा ती दिसायच्या आधीच श्वास वाढलेला असतो, मासा पॉवरहेडच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) झोतात तोंड घालून उभा राहतो, उजेड टाळतो. हाही दोन दिवसांत मारतो, पण याला कॉपर लागू पडतं. म्हणून रात्रपाळी ताईंना कॉपर आठवलं यात नवल नाही.

ब्रुकलिनेलात दाणाही नाही, पिठीही नाही. साल आणि बुळबुळ. बघितल्यावर अंग ओलसर, मेणचट, मळकट वाटतं. क्लाऊन असेल, नुकताच प्रवास करून आलेला असेल आणि असं दिसलं, तर स्लाइड मिळो न मिळो, मी फॉर्मेलिनकडे जातो. चुकलो तरी फॉर्मेलिनच्या अंघोळीने वेलवेट किंवा व्हाइट स्पॉट असलेल्या माशाचं फारसं बिघडत नाही, थोडा आरामच पडतो. उलट चूक, म्हणजे ब्रुकलिनेलाला कॉपर, यात दोन दिवस जातात, आणि दोनच दिवस असतात.

आणखी एक. पकडून, पिशवीत भरून, तीन-चार हात बदलून आलेल्या क्लाऊनमध्ये हा जास्त दिसतो. आपल्याकडे क्लाऊनच्या पैदाशीचं तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मंडपम आणि विळिंजमला कधीच बसवलंय, तसे मासे बाजारात मिळतात. घेताना विचारा. उत्तर देता आलं नाही तर ती जोडी तिथेच राहू द्या. समुद्रातला मासा समुद्रात राहील, हेही मला महत्त्वाचं वाटतं.

रात्रपाळी, सोमवार, रात्री ९.१५

तिसरी अंघोळ आज दुपारी झाली. शनिवारच्या दुसऱ्या अंघोळीनंतर नवी साल आलेली नाही. तंत्रज्ञ ताईंनी आज सकाळी अंघोळीआधी स्वतःहून स्लाइड मागितली, तीन थेंब तपासले, एकही जीव नाही. डब्यात रोज दहा लिटर पाणी बदलतेय, अमोनिया ०.२५ च्या वर जाऊ दिला नाही.

श्वास: शुक्रवार ९२, शनिवार ९४ (अंघोळीनंतर), रविवार ८४, आज सकाळी ८२.

खात नव्हती ती काल संध्याकाळी लसणाच्या पाण्यात भिजवलेली मायसिस एक घेतली. आज पाच. पाचव्या वेळी माझ्या बोटांकडे बघत वर आली.

दोन शंका आहेत. मुख्य टँकसाठी बुधवारपर्यंत तीच जाळी वापरत होते, तिथल्या दोघांना धोका किती? आणि हिला व्हाइट स्पॉटसाठी कॉपर द्यायचंच होतं, ते आता कधी?

खाडीकिनारी, रात्री ९.५०

पाच मायसिस! आजचा दिवस चांगला गेला माझा.

जाळीने जाऊ शकतो. डॅमसेल आणि गोबीचेही श्वास तुमच्या वहीत रोज लिहायला सुरुवात करा, दोन आठवडे. एका आठवड्यात काही दिसलं नाही तर मी निश्चिंत होईन. जाळी उन्हात खडखडीत वाळवा आणि क्वारंटाइनची वेगळी, दुसऱ्या रंगाची ठेवा.

कॉपर आत्ता नाही. कातडी लाल आहे म्हणजे जखम भरतेय. आठवडाभर फक्त खाऊ द्या, स्वच्छ पाणी द्या. श्वास ८० च्या घरात स्थिर राहिला आणि दिवसातून दोनदा नीट खाल्लं की पुढच्या सोमवारी सुरू करा. चार-पाच दिवसांत हळूहळू २.२५ पर्यंत, तिथे ३० दिवस, दर दोन दिवसांनी मोजून. जुना टँक तोवर ब्लीचने धुऊन उन्हात आठ दिवस सुकलेला असेल, त्यातच करा. नवा स्पंज आजच सम्पमध्ये टाका म्हणजे तयार होईल.

रात्रपाळी, रात्री १०.०५

स्पंज टाकला. डॅमसेल ७६, गोबी ६२. नव्या पानावर लिहिलं.